पुलापलीकडचे सिलिंडर

मीटरचा काटा खोटं बोलत असेल, एवढ्या एकाच आशेवर हवामास्तरांनी काचेवर दोन टिचक्या मारल्या. काटा जागचा हलला नाही.

"टिचक्या मारून मशीन चालू झालं असतं, तर मी कशाला पाने घेऊन हिंडलो असतो?" मागून फिटर म्हणाला. सकाळपासून तो कॉम्प्रेसरच्या पोटात डोकं खुपसून बसला होता. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर तेलाचा पट्टा. "बेअरिंग गेलंय मास्तर. नवीन आणायला माणूस धाडलाय. ते आलं, बसलं, सगळं सुरळीत झालं, तर संध्याकाळ."

"आणि नाही झालं तर?"

"शुभ बोला की."

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि मोडक्या खाटांची अडगळ यांच्यामध्ये, ती पत्र्याची शेड होती. तिथलं यंत्र बाहेरची साधी हवा ओढून घ्यायचं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि भिंतीतल्या नळ्यांमधून वॉर्डावॉर्डांत, खाटेखाटेपाशी पोचवायचं. ते बंद पडलं की त्याच शेडच्या दुसऱ्या खोलीतल्या सिलिंडरांच्या दोन रांगा कामाला लागायच्या. आधी डावी, ती संपली की उजवी. आणि उजवी संपायच्या कितीतरी आधी भरलेल्या सिलिंडरांचा ट्रक फाटकात हॉर्न वाजवायचा. हे रहाटगाडगं फिरतं ठेवायचं, एवढंच मास्तरांचं काम. मिशी काळी होती तेव्हापासून ते करत होते; आता मिशी पांढरी झाली होती आणि पुढच्या वर्षी निवृत्ती होती.

मास्तर हे नाव त्यांना नर्सबायांनी दिलं होतं. नवी तुकडी आली की मास्तर तिला शेडमध्ये उभी करून तेच भाषण ऐकवायचे. "ऑक्सिजन दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. कुणी बघत नाही, म्हणून आपण बघायचं." जुन्या नर्सबाया मागे उभ्या राहून ओठ हलवत तेच वाक्य बरोबर म्हणायच्या आणि हसायच्या. मास्तरही हसायचे. चेष्टा त्यांना खपत असे. निदान त्या बायांनी केलेली तरी.

आज ट्रकचा हॉर्न वाजला नव्हता. वाजणारही नव्हता. ट्रकवाल्याचा फोन येऊन गेला होता. "मास्तर, डोंगररस्त्यावर दरड आलीय. पुढे दगड, मागे गाड्यांची शेपटी. मला पंख फुटले तरच मी निघणार."

मोठ्या मॅडम स्वतः शेडमध्ये आल्या, तेव्हा मास्तरांनी ओळखलं की बातमी वर पोचली. मॅडम हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि मुळात भूल देणाऱ्या डॉक्टर, त्यामुळे ऑक्सिजन म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"खरं खरं सांगा मास्तर. किती वेळ आहे आपल्याकडे?"

"डावी रांग संपल्यात जमा आहे. उजवी भरलेली आहे. असाच खर्च चालू राहिला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत. हात आखडता घेतला तर थोडं पुढे जाईल."

"हात आखडता घ्यायचं माझ्याकडे. थांबण्यासारखी सगळी ऑपरेशनं मी थांबवलीत. प्रत्येक खाटेपाशी डॉक्टर जाऊन बघताहेत, कुणाचा कमी करता येतो, कुणाचा बंद करता येतो. पण अतिदक्षता विभाग आणि नवजात बाळं, तिथे माझा इलाज नाही. तिथे लागेल तेवढा लागेलच. सिलिंडर कुठून आणायचे ते तुम्ही बघा."

"बघतो."

"पुलापलीकडच्या हॉस्पिटलला विचारलंत?"

मास्तरांनी रुमाल काढला, घाम नसलेलं कपाळ पुसलं. "त्यांचं त्यांनाच पुरत नसेल," ते म्हणाले. "पण विचारतो."

"पहिल्यांदा त्यांनाच विचारा," मॅडम म्हणाल्या आणि आल्या तशा झपाझपा निघून गेल्या.

मास्तरांनी पहिल्यांदा त्यांना विचारलं नाही.

त्यांनी गावातल्या एका खासगी दवाखान्याला फोन लावला. तिथे दोनच सिलिंडर होते आणि एका आजोबांना ते लागत होते. मग दुसऱ्याला लावला. तिथला माणूस म्हणाला, "काका, दरड सगळ्यांवरच पडलीय." तिसऱ्याने फोन उचलला नाही. प्रत्येक नकारानंतर मास्तर पुढचा नंबर शोधत होते, आणि जो नंबर शोधायची गरज नव्हती, झोपेतून उठवून विचारला तरी जो तोंडपाठ होता, त्याला वळसा घालून जात होते.

पुलापलीकडच्या हॉस्पिटलात द्रवरूप ऑक्सिजनची एक उंच, पांढरी टाकी होती. तिचा कारभार ज्यांच्याकडे होता, ते मास्तरांचे व्याही.

व्याही होण्याआधी ते मास्तरांचे मित्र होते, आणि मित्र कसले, तर जिवाभावाचे. दोघं तरुण असताना एका प्रशिक्षणात शेजारी बसले, दोघांनाही एकाच वेळी डुलकी लागली आणि दोघांनाही एकाच वेळी उठवून बाहेर काढलं गेलं. तिथून जे जमलं ते जमलं. याच्याकडे वॉशर नसला की त्याच्याकडून यायचा, त्याचा व्हॉल्व्ह अडला की हा सुट्टीच्या दिवशी सायकल मारत पूल ओलांडायचा. एकाला साऱ्या पंचक्रोशीत हवामास्तर म्हणत, दुसऱ्याला टाकीवाले. आपसांत मात्र "अरे मास्तर" आणि "अरे टाक्या". घरोबा वाढला, मुलं एकमेकांच्या घरी खेळता खेळता मोठी झाली, आणि एक दिवस मास्तरांच्या लेकीने आणि टाकीवाल्यांच्या लेकाने, आम्ही लग्न करतोय, असं सांगून टाकलं. त्या दिवशी दोघे बाप डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते.

पण मैत्रीला जे पचत होतं ते सोयरिकीला पचेना. चारचौघांत व्याह्याला अरे म्हणायचं कसं, म्हणून बायकांनी दोघांनाही दटावलं. अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. अहो-जाहो आलं तसे मागोमाग मानपान आले. आणि मग आला नातीचा पहिला वाढदिवस. टाकीवाल्यांच्या घरी पाहुणे जमले होते. गप्पांच्या भरात टाकीवाले म्हणाले, "आमच्याकडे टाकी आहे बुवा. आमच्या व्याह्यांकडे अजून हातगाडीवरून श्वास येतो!" सगळे हसले. हेच वाक्य "मास्तर, तुझ्याकडे" असं आलं असतं, तर मास्तरच सगळ्यात मोठ्याने हसले असते. पण ते "आमच्या व्याह्यांकडे" असं आलं, आणि कुठेतरी खोल जाऊन लागलं.

"मोठं भांडं पोकळही मोठंच असतं," मास्तर म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. शब्दाने शब्द वाढला. मास्तर अर्ध्या ताटावरून उठले, बायको बिचारी चपला शोधत मागून धावली. त्याला वर्ष होऊन गेलं. बायको नंतर जाऊन येऊन होती. लेकीने मात्र एकदा स्पष्ट सांगितलं, "बाबा, मी दोन घरांतली पोस्टमन होणार नाही. माझी पोर मी तुमच्या भांडणात इकडून तिकडे नाचवणार नाही. तुम्ही या. दार उघडंच आहे." दार उघडं होतं, पण मास्तरांचं पाऊल उचललं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत करत ते जड होत गेलं.

मघाशी डावी रांग संपली तेव्हा नळीतला दाब क्षणभर खाली गेला होता आणि वरच्या मजल्यावर धोक्याची शिट्टी वाजली होती. ती नीट बंद झाली की नाही, ते बघायला मास्तर नवजात बाळांच्या कक्षापाशी गेले. काचेपलीकडे मॅडम एका बाळाच्या काचपेटीवर वाकल्या होत्या. शेजारची नर्स नळीवरची छोटी चकती केसभर फिरवत होती, बाळाकडे बघत होती, पुन्हा केसभर फिरवत होती. 

बाहेर बाकावर एक तरुण बाप बसला होता. मास्तरांचा खाकी शर्ट आणि खिशातला पाना बघून तो उठला.

"काका, मघाशी ती शिट्टी कसली वाजली?"

"काही नाही. सिलिंडरांची एक रांग संपली, दुसरी चालू झाली. तेव्हा वाजते. नेहमीचंच आहे."

"आणि दुसरी संपली की?"

"तिसरी," मास्तर म्हणाले.

तो बाप समाधानाने मान डोलावून बाकावर बसला. बसताना "बरं झालं, विचारलं ते" असंही म्हणाला.

तिसरी रांग नव्हतीच. मास्तर जिना उतरायला लागले. आपण खोटं बोललो यापेक्षा, आपण किती वेळ वाया घालवला, हे त्यांना त्या जिन्यात जास्त टोचलं. वर बाळाच्या नळीची चकती केसाकेसाने फिरवताहेत, आणि खाली आपण कुणाची जिरवत बसलोय? गरज आपली. मान तरी कसला राखायचा, आणि कुणापासून?

शेडमध्ये येऊन त्यांनी टाकीघराचा नंबर फिरवला. फोन व्यग्र. पुन्हा फिरवला. पुन्हा व्यग्र. शेवटी त्यांनी व्याह्यांच्या मोबाइलवर लावला. पलीकडून आवाज आला तो विहीणबाईंचा.

"हॅलो, कोण?"

"मी. मी बोलतोय, व्याही."

"अगंबाई! सूर्य कुठून उगवला म्हणायचा आज?"

"ते आहेत का?"

"ते हॉस्पिटलात आणि त्यांचा फोन घरी चार्जिंगला. रोजचंच आहे ते. पण तुम्ही व्याही, एवढं वर्ष झालं, एकदा तरी वाटलं नाही का हो, की बघावं, नात कशी आहे, चालते का, बोलते का..."

"विहीणबाई, माझ्याकडचा गॅस संपत आलाय."

"मग दुसरा सिलिंडर लावा! एवढ्यासाठी वर्षाने फोन केलात? आणि आमच्या विहीणबाई कुठे गेल्यात? त्यांना विचारा, रेग्युलेटर कसा बसवायचा ते."

"घरचा नाही हो! हॉस्पिटलचा! पेशंटांचा ऑक्सिजन!"

 मग विहीणबाईंचा आवाज आला तो वेगळाच होता.

"टाकीघराचा फोन लागत नसेल. लागणार नाहीच. या वेळेला ते तिकडून नातीशी बोलत बसतात, त्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. थांबा." आणि मग फोन बाजूला न धरताच त्या ओरडल्या, "अगं, ठेव तो फोन! तिच्या हातातून काढून घे! तुझ्या बाबांकडचा ऑक्सिजन संपतोय!" मागे लहान मुलाचं भोकाड ऐकू आलं. "हां, झाला मोकळा. आणि एक सांगते व्याही, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय हवं ते सरळ मागा."

मास्तरांनी फोन ठेवला. नंबर फिरवायला बोट पुढे केलं, तेवढ्यात फोनच वाजला.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

"कळलं. हिची आरोळी अजून कानात घुमतेय. किती उरलंय तुझ्याकडे?"

तुझ्याकडे, असं म्हणाले टाकीवाले. म्हणणाऱ्याच्या बहुधा लक्षातही आलं नसावं. मास्तरांच्या मात्र आलं.

"उजवी रांग अर्धी. मशीनचं बेअरिंग गेलंय. ट्रक दरडीत अडकलाय."

"मशीन कधी गेलं?"

"सकाळी."

"सकाळी! आणि मला आत्ता सांगतोस?"

मास्तर म्हणाले, "चुकलंच माझं."

"ते मागाहून बघू. ऐक. माझी टाकी कालच भरलीय. संकटासाठी ठेवलेले सिलिंडर आहेत, सगळे भरलेले. पण ते हलवायचे तर साहेबांचा हुकूम पाहिजे. ते विचारतील, आपली टाकी अडली तर आपल्या पेशंटांनी काय करायचं? आणि तो प्रश्न काही खोटा नाही."

"नाही, खोटा नाही."

"तुझ्या मॅडमना आमच्या साहेबांशी बोलायला सांग. डॉक्टरांचं डॉक्टरांना लवकर कळतं. मी तोवर गाडी लावतो. परवानगी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर..."

"नाही मिळाली तर?"

"तर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. ठेव फोन."

मॅडम बोलल्या. काय बोलल्या ते मास्तरांना कधी कळलं नाही. पण थोड्या वेळाने त्यांनी वरूनच खिडकीतून हात दाखवला, येताहेत म्हणून. मग मास्तर फाटकात जाऊन उभे राहिले. पुन्हा शेडमध्ये आले. काटा बघितला. पुन्हा फाटकात गेले. फिटर म्हणाला, "मास्तर, तुम्ही एका जागी उभे राहा. तुमच्या येरझाऱ्यांनीच निम्मा ऑक्सिजन खपतोय."

टेम्पो आला तो आडव्या सिलिंडरांनी गच्च भरून, दोरखंड आवळून. पुढे ड्रायव्हरशेजारी टाकीवाले बसले होते. उतरताना त्यांनी दाराला धरलं. वर्षभरात माणूस जड झाला होता, आणि मास्तरांना उगाचच वाटलं, आपण नव्हतो म्हणून झाला. दोघं समोरासमोर आले. नमस्कार करावा की हात पुढे करावा, याचा दोघांनाही उलगडा होईना.

"हात बघू," टाकीवाले म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही तळवे पुढे केले.

"तेल नाही ना कुठे? ऑक्सिजनला तेल लागलं की आग, तूच मला शिकवलंयस."

"नाही लागलं. फिटरला दारातच अडवून ठेवलाय."

"मी अस्पृश्य झालोय," फिटर दारातून ओरडला, "पण सिलिंडर उतरवायला चार माणसं बोलावलीत!"

सिलिंडर उतरले, हातगाडीवर चढले, शेडमध्ये आले. हातगाडी बघून टाकीवाल्यांनी काही म्हटलं नाही. मास्तरांनीही नाही. रिकामी डावी रांग सोडवून तिच्या जागी भरलेले उभे करायचे होते. पण सिलिंडर पुलापलीकडचे, त्यांच्या तोंडाचे आटे वेगळे. इकडच्या नळ्या त्यांच्यावर बसणार नव्हत्या.

"माहीत आहे," टाकीवाले म्हणाले आणि पिशवीतून पितळी जोड काढून मांडले. "गेल्या वेळी तुझ्याकडूनच करून घेतले होते. जपून ठेवलेत."

दोघं कामाला लागले. एकाने जोड बसवायचा, दुसऱ्याने आवळायचा. पहिल्या दोन सिलिंडरांना हात एकमेकांना लागत होते, पाने एकमेकांत अडकत होते. तिसऱ्यापासून जुनी लय लागली. कुणी कुणाला "दे" म्हणावं लागेना.

तेवढ्यात शिट्टी वाजली. या वेळी ती उजव्या रांगेची होती.

शेडमधला फोन खणखणला. मास्तरांनी पाना खाली ठेवून तो उचलला. वरून नर्सचा आवाज आला, "मास्तर, प्रेशर उतरतंय. बाळांना आणि अतिदक्षतेत मॅडमनी खाटेजवळचे छोटे सिलिंडर लावलेत. ते फार वेळ नाही टिकायचे."

"झालंच," मास्तर म्हणाले.

झालं नव्हतं. शेवटून दुसऱ्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, तर फेसाचे बुडबुडे फुगायला लागले. गळत होता. मास्तरांनी आवळून बघितला. बुडबुडे वाढले. जास्त आवळला तर तुटायची भीती. टाकीवाल्यांनी मागच्या खिशात हात घातला, एक छोटा वॉशर काढला, जुना काढून तो बसवला. फेस लावला. या वेळी बुडबुडा आला नाही.

"उघड आता," टाकीवाले म्हणाले. "हळू. एकदम उघडू नकोस."

"मला शिकवतोस?"

"मग काय, चुकलास तर दोघंही छपरावर जाऊ."

मास्तरांनी चावी फिरवली. नळीत कुठेतरी बारीक सुस्कारा झाला. काटा आधी हललाच नाही. मग हलला. मग दमलेला माणूस जिना चढावा तसा, थांबत थांबत, वर आला, लाल रेघ ओलांडली आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. शिट्टी बंद पडली. शेजारच्या धुलाईघरातली यंत्रं केवढ्याने धडधडतात, ते मास्तरांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आलं.

फोन पुन्हा वाजला.

"आलं मास्तर! प्रेशर आलं!"

"बाळं?"

"सगळी ठीक. एकाने तर मॅडमच्या हातावर शू केली."

मास्तर खाली फरशीवर बसले.  जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या थंड फरशीवर कळलं. शेजारी टाकीवालेही टेकले, गुडघे कुरकुरवत. दोघांची पाठ त्या उभ्या, थंड सिलिंडरांना लागली होती.  मग टाकीवाले हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्याने.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"घरच्या गॅसचा रेग्युलेटर कसा बसवायचा, ते विचारत होतास म्हणे हिला."

मास्तरही हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि पुसतच राहिले. टाकीवाल्यांनी दुसरीकडे बघत, एका सिलिंडरवरचा गंज नखाने खरवडला.

"वाढदिवसाला मी जे बोललो," ते म्हणाले, "ते पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. आपल्यातलं बोलणं आपल्यात ठेवायचं असतं."

"आणि मी ताटावरून उठायला नको होतं."

"ते तर नकोच होतं. हिने किती खपून केलं होतं त्या दिवशी."

एवढंच. त्यावर पुढे कुणी काही उगाळलं नाही. चहा आला, तो दोघांनी फुंकून फुंकून प्यायला.

दुपार कलली तसं बेअरिंग आलं आणि फिटर पुन्हा यंत्राच्या पोटात शिरला. उन्हं उतरली तेव्हा यंत्र दोन-तीनदा खोकलं आणि चालू झालं. आणि दिवेलागणीला फाटकात हॉर्न वाजला. ट्रकवाला उतरला तो पांढरा, दगडाच्या धुळीने माखलेला. "फुटले की हो पंख!" तो ओरडला. पलीकडच्यांचे जेवढे सिलिंडर वापरले गेले होते, तेवढे भरलेले मास्तरांनी आधी टेम्पोत चढवून घेतले. आपली रांग मागून लावली.

मॅडम खाली आल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि चेहऱ्यावर दिवसभरातलं पहिलं हसू होतं. त्यांनी टाकीवाल्यांचे आभार मानले. "आमच्या साहेबांचे माना," टाकीवाले म्हणाले. "हो म्हणताना त्यांना घाम फुटला होता. तरी म्हणाले."

मास्तर पुढे झाले. "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं, पहिल्यांदा यांना विचारा. मी विचारलं नाही. सगळ्यात शेवटी विचारलं."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "फोन केव्हा आला, ते मला पलीकडून कळलं."

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. मॅडमनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"वर त्या बाळाचे वडील तुम्हाला शोधत होते," त्या म्हणाल्या. "तिसरी रांग आली का, असं विचारत होते. मी हो म्हणून सांगितलं. आता घरी जा मास्तर."

मास्तर घरी गेले नाहीत. टेम्पो निघताना टाकीवाल्यांनी पुढच्या सीटवर सरकून जागा केली आणि दार उघडं धरलं. मास्तरांनी बायकोला फोन करून सांगितलं, "मी पलीकडे जातोय." तिने "कुठे पलीकडे?" असं विचारलं नाही. "मी मागून रिक्षाने येते," एवढंच म्हणाली.

घराचं दार खरंच उघडं होतं. लेक उंबऱ्यात आली, बापाकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली पितळी जोडांची पिशवी काढून घेतली. आतून विहीणबाईंचा आवाज आला, "हातपाय धुवा दोघं! पानं वाढतेय. आणि आज कुणी मधून उठायचं नाही!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून नात धावत आली. चालत नव्हती, धावत होती. केसांच्या दोन शेंड्या, अंगात पिवळा झगा. तिने तडक जाऊन टाकीवाल्यांच्या पायाला मिठी मारली. मग तिचं लक्ष मास्तरांकडे गेलं. ती थबकली आणि टाकीवाल्यांच्या पायामागे दडली.

"अगं, आजोबा आहेत ते," लेक म्हणाली.

"हे आजोबा," नात टाकीवाल्यांचा पाय घट्ट धरत म्हणाली. तिचं बोलणं स्वच्छ होतं. एकही शब्द बोबडा नव्हता.

टाकीवाले ओशाळले. "अगं, ते पण. जा, जा त्यांच्याकडे." त्यांनी तिला पुढे ढकलायला हात खाली नेला.

"नको," मास्तर म्हणाले. "राहू दे. ढकलू नकोस तिला."

त्यांनी वहाणा काढल्या, हात धुतले, आणि आत न जाता दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसले. आत ताटं मांडल्याचे आवाज येत होते. विहीणबाई हाका मारत होत्या. "तुम्ही बसा, मी आलोच," मास्तर म्हणाले. टाकीवाल्यांच्या पायामागून एक डोळा बाहेर आला, मास्तरांना बघून आत गेला, पुन्हा बाहेर आला. मास्तरांनी तिला बोलावलं नाही. हात गुडघ्यांवर उघडे ठेवून, तिला नीट दिसेल असे, ते नुसते बसून राहिले.